नव्या भागात आल्यावर फॅमिली डॉक्टर कसा शोधावा?

प्रश्न थोडक्यात असा: "तासगावहून वाकडला राहायला येऊन आठ महिने झाले. घरी आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि बाहत्तर वर्षांचे वडील. वडिलांना साखर, बीपी आणि प्रोस्टेटचा त्रास. इतक्यात चार डॉक्टर झाले आणि पाच गोळ्यांच्या नऊ झाल्या. त्यांना अधूनमधून चक्कर येते. रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा तेही ठरलेलं नाही. आपल्या भागातला चांगला फॅमिली डॉक्टर शोधायचा कसा?"

पिंपरी-चिंचवडमध्येच १९९३ पासून माझा दवाखाना आहे. गावाकडून मुलांकडे राहायला आलेले आईवडील रोज माझ्यासमोर बसतात, त्यामुळे तुमचं घर मला न पाहताही बरंच ओळखीचं वाटलं. जरा सविस्तरच लिहिते.

वाकडमधला शोध सुरू करण्याआधी तासगावला एक फोन करा. तुमच्या वडिलांना ज्यांनी इतकी वर्षं तपासलं, त्या डॉक्टरांना. त्यांच्याकडून एक पानभर माहिती लिहून घ्या. साखर कोणत्या वर्षी निघाली, कोणती गोळी सोसली नाही, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आलं, कधी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं का, घरात आणखी कोणाला हृदयाचा त्रास होता. आणि जुना ईसीजी असेल तर त्याची प्रत. हा कागद फार मोलाचा असतो. काही माणसांच्या ईसीजीत वर्षानुवर्षं एखादा बदल असतो आणि त्याचा त्यांना काहीच त्रास नसतो. तो जुना आहे हे माहीत नसलं, की रात्री दोन वाजता छातीत जळजळतंय म्हणून नेलेल्या माणसाला पहिल्यांदाच पाहणारा डॉक्टर थेट आयसीयूत घेतो. त्याचं चुकत नाही, त्याच्यासमोर दुसरं काही नसतं. दोन ईसीजी शेजारी ठेवले तर दहा मिनिटांत उलगडा होऊ शकतो. तुम्ही आठ महिन्यांत चार डॉक्टर पाहिलेत, पण वीस वर्षांची माहिती तासगावच्या केसपेपरवरच राहिली आहे. ती आधी आणा.

आता नऊ गोळ्यांबद्दल, कारण मला खरी काळजी त्यांचीच वाटते. चार डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या म्हणजे बहुतेक वेळा चार अर्धवट चित्रं असतात. माझ्याकडे अशी माणसं येतात तेव्हा मी सांगते, घरातल्या सगळ्या पट्ट्या, पुड्या, आयुर्वेदिक काढे, शेजाऱ्याने दिलेल्या गुडघ्याच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर उपडी केली की अर्धं निदान तिथेच होतं. एका कंपनीच्या नावाने टेल्मिसार्टन आणि दुसऱ्या नावाच्या पट्टीत टेल्मिसार्टन अधिक अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे बीपीची एकच गोळी दोनदा चाललेली असते. नावं वेगळी, रंग वेगळा, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. दुसरी गोष्ट तर मी कितीदा पाहिली आहे: अ‍ॅम्लोडिपिनमुळे पायावर सूज येते, दुसरे डॉक्टर ती सूज पाहून लघवीची गोळी देतात, लघवीच्या गोळीने युरिक अ‍ॅसिड वाढतं, मग तिसरे त्याची गोळी सुरू करतात. सूज पहिल्याच गोळीची होती. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी बसून उठताना बीपी खाली येतं. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेऊन रात्री नुसतं दूध पिऊन झोपलं, तर पहाटे साखर उतरून घाम फुटतो. तुमच्या वडिलांची चक्कर यातल्या कशाची आहे हे मी इथून सांगू शकत नाही, आणि तुम्हीही स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. पण त्यांना बसवून आणि मग उभं करून बीपी मोजणारा, आणि ही पिशवी उपडी करून पाहायला वीस मिनिटं देणारा डॉक्टर शोधा. तुमच्या घरापुरती हीच पहिली परीक्षा.

म्हणून त्यांना पहिल्यांदा न्याल तेव्हा आजारी असताना नेऊ नका. ताप चढलेला असताना, पोर रडत असताना कोणीच डॉक्टर पारखत नाही, जो उघडा सापडेल तो चालतो. नीट बरं असताना जा. सोमवार टाळा, रविवारची सगळी गर्दी त्या दिवशी असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी दवाखाना सुरू होताना किंवा बंद व्हायच्या सुमारास जा, आणि आधी फोन करून सांगा की आम्ही या भागात नवीन आहोत, वडिलांच्या औषधांची एकदा नीट उजळणी करून घ्यायची आहे. याला "आत्ता काही होतंय का? नाही ना? मग कशाला येता?" असं उत्तर आलं, तर पुढच्या दारी जा.

नाव कुठून काढायचं? मोबाईलवरचे तारे बघून फारसं कळत नाही. तिथे लोक पार्किंग, थंडगार वेटिंग रूम आणि किती वेळ थांबावं लागलं हेच लिहितात. आणि जो डॉक्टर अँटिबायोटिक नाकारतो त्याला कधीकधी त्याच कारणासाठी एक तारा मिळतो. माणसांना विचारा, पण प्रश्न बदलून. "इथे चांगला डॉक्टर कोण?" असं विचारलं की प्रत्येक जण आपापलं नाव सांगतो. "तुम्हाला त्यांनी कधी औषध न देता परत पाठवलंय का?" असं विचारा. "तुमच्या आईला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तेव्हा नंतर फोन करून चौकशी केली का?" हे विचारा. मेडिकलवाल्याला विचारायचं तर "तुमच्या स्वतःच्या घरचे कोणाकडे जातात?" एवढंच. त्याच्याकडे दिवसभर सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात. कोण दर सर्दीला काय लिहितो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. वडील सकाळी बागेत फिरायला जात असतील तर त्यांनाच कामाला लावा. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर या विषयाची जेवढी माहिती असते तेवढी दुसरीकडे कुठे नसते, आणि त्या निमित्ताने त्यांच्या ओळखीही होतील. धुण्याभांड्याच्या मावशींनाही विचारा. पैशाची ओढाताण असलेलं माणूस ज्या डॉक्टरकडे पुन्हा पुन्हा जातं, तो विनाकारण खर्च करायला लावत नसणार, असा माझा अनुभव आहे.

एक आतली गोष्ट सांगते. वडिलांना कधी डोळ्यांच्या किंवा हृदयाच्या तज्ज्ञाकडे नेलंत, तर जाता जाता त्यांना विचारा, "आमच्या भागातून तुमच्याकडे पेशंट येतात, त्यात कोणाच्या चिठ्ठ्या नीट लिहिलेल्या असतात?" तज्ज्ञांना हे पक्कं ठाऊक असतं. कोणी नुसतं "कृपया पाहावे" लिहून पाठवतो, तर कोणी आठ ओळींत सगळी कहाणी, चालू औषधं आणि मनातली शंका लिहितो. दुसऱ्याचं नाव मिळालं तर पत्ता लिहून घ्या.

पाटीवरच्या पदव्यांविषयी लोक संकोचाने विचारत नाहीत. विचारायला हवं, आणि नीट विचारलं तर कोणालाही राग यायचं कारण नाही. आधुनिक वैद्यकाची मूळ पदवी एमबीबीएस. त्यानंतर तीन वर्षं करून फॅमिली मेडिसिनमध्ये एमडी किंवा डीएनबी करता येतं. आपल्याकडे असे डॉक्टर अजून संख्येने थोडे आहेत, पण भेटले तर तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या घरासाठी उत्तम. नुसतं "एम.डी." दिसलं तर कोणत्या विषयात ते पाहा. जनरल मेडिसिनचं एमडी वेगळं, त्वचारोगाचं वेगळं, आणि "एम.डी. (आयु.)" म्हणजे आयुर्वेदातली पदवी. महाराष्ट्रात, शहरांत आणि खेड्यांत, कित्येक कुटुंबांचे डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस आहेत, आणि रात्री-अपरात्री धावून जाणारी त्यातली अनेक माणसं मी जवळून पाहिली आहेत. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून काही आधुनिक औषधं द्यावीत का, यावर २०१४ च्या कायद्यातल्या दुरुस्तीपासून वाद चालू आहे. मला त्या वादात इथे शिरायचं नाही. माझं मत एवढंच: कोणत्या शास्त्राचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडून कोणतं औषध आपण घेतोय हे घरच्यांना माहीत असावं. आणि साखर, बीपी, प्रोस्टेट आणि नऊ गोळ्या एकत्र असतील तिथे मी स्वतःच्या वडिलांना एमबीबीएस झालेल्या अनुभवी डॉक्टरकडे किंवा फॅमिली मेडिसिन वा जनरल मेडिसिनच्या एमडीकडेच नेईन.

नोंदणी क्रमांक मात्र बघाच. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की तो दवाखान्यात लावलेला असावा आणि चिठ्ठीवर, पावतीवरही असावा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे असते. त्याच नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत ज्या लोकांना माहीत नसतात: दाखल झालेल्या पेशंटची कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात, आणि डॉक्टरने कोणाकडे पाठवल्याबद्दल दलाली घेणं निषिद्ध आहे. या दुसऱ्या गोष्टीला आपल्याकडे सरळ "कट" म्हणतात. तो ओळखायची खूण अशी: रक्त एकाच लॅबमध्ये, सोनोग्राफी एकाच सेंटरवर, आणि तुम्ही दुसरीकडून करून आणलं तर रिपोर्ट न वाचताच "हे चालत नाही". एखाद्या लॅबवर डॉक्टरचा विश्वास असणं वेगळं. मीही दोन-तीन नावं सुचवते. पण दुसरीकडचा रिपोर्ट आला तर तो वाचते, शंका आली तर का ते सांगते.

पहिल्या भेटीत कान आणि डोळे उघडे ठेवून बसा. वडिलांना काही प्रश्न विचारतात का, की तुमच्याशीच बोलतात? हे फार महत्त्वाचं आहे. बाहत्तर वर्षांचा माणूस समोर बसलेला असताना डॉक्टर मुलाकडे बघून "यांना काय होतंय?" विचारतो, तेव्हा त्या माणसाचा अर्धा आजार न सांगताच राहून जातो. तंबाखू, मिश्री, दारू यांची चौकशी करतात का? स्वयंपाक कोण करतं, जेवणाच्या वेळा काय, हे विचारतात का? बीपी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसवतात का, पहिल्यांदा दोन्ही हातांना मोजतात का? साखरेच्या पेशंटचे पायमोजे काढायला लावून तळवे बघतात का? वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं असतं, याची आठवण करून देतात का? मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊन पायाला मुंग्या येतात, हे त्यांच्या लक्षात येतं का? वजन केसपेपरवर लिहितात का? आणि उठताना "पुन्हा कधी यायचं आणि काय झालं तर लगेच यायचं" हे सांगतात का? शेवटचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवीन.

दवाखान्यातूनच औषध देत असतील तर पुडीतल्या गोळ्यांची नावं लिहून मागा. आपल्याकडे तीन वेळच्या तीन पुड्या बांधून द्यायची पद्धत जुनी आहे, आणि गरिबाला ती परवडते हेही खरं. पण बिननावाची गोळी साखरेच्या माणसाच्या घरात असू नये. काही पुड्यांत स्टेरॉइड असतं. त्याने सांधे दोन दिवसांत मोकळे होतात, दम बसतो, भूक लागते, आणि साखर मात्र चढून कुठल्या कुठे जाते. चिठ्ठी लिहून देत असतील तर ती तुम्हाला वाचता यायला हवी. शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावी असं २०१६ पासून नियमातही आलं आहे.

सुई आणि सलाइन यांबद्दल मला तुमच्याकडूनही थोडी मदत हवी आहे. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" असं म्हणत रोज कोणी ना कोणी येतं. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरच्या आत-बाहेर कॅलरी, साधारण एका पोळीएवढ्या. उलट्या-जुलाबाने कोरडा पडलेला, तोंडाने पाणी न ठरणारा माणूस असेल तर सलाइन जीव वाचवतं. एरवी पेजेने काम होतं. जो डॉक्टर हे समजावून तुम्हाला सलाइन न लावता घरी पाठवतो, तो दोन पैसे सोडून देतोय, हे लक्षात घ्या. अँटिबायोटिकचंही तसंच. नाक वाहतंय, घसा खवखवतोय, ताप कमी आहे, तर बहुतेक वेळा विषाणूचा आजार असतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं.

तुमच्या मुलीसाठी वेगळा बालरोगतज्ज्ञ लागेल का? लसीकरण आणि वाढीसाठी असेल तर ठेवा, पण सर्दी-तापाला घराजवळचा फॅमिली डॉक्टर पुरतो, जर तो मुलांना नीट तपासत असेल. नीट म्हणजे काय ते सांगते. प्रत्येक भेटीत वजन करायचं, कारण पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो, दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. बाजारात एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं आणि दुसऱ्या बाटलीत २५०. "एक चमचा द्या" एवढंच सांगणारा डॉक्टर कोणती बाटली म्हणतोय हे कळायला मार्ग नाही. खोकणाऱ्या मुलाचा सदरा वर करून मिनिटभर श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला चाळीस किंवा जास्त झाले तर ती गंभीर बाब असते. कानात बघायचं. हे सगळं करायला चार-पाच मिनिटं लागतात. स्टेथो फ्रॉकवरूनच टेकवून औषध लिहिलं जात असेल तर मला ते पुरेसं वाटत नाही.

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू असतोच, त्यातूनही डॉक्टर चांगला कळतो. पहिल्याच दिवशी घाबरवून दाखल करणारा नको आणि "व्हायरल आहे, पाच दिवसांनी या" म्हणणाराही नको. डेंग्यूत खरी जपायची वेळ बऱ्याचदा ताप उतरतो तेव्हा, चौथ्या-पाचव्या दिवशी येते. पोटात सतत दुखणं, थांबेना अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं, ही लक्षणं आधीच सांगून ठेवणारा, आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या घेऊ नका म्हणणारा, आणि "उद्या रक्त पुन्हा बघू" असं म्हणून तुम्हाला हातात धरून ठेवणारा डॉक्टर मिळाला, की तो सोडू नका.

एकाच डॉक्टरकडे राहायला मी इतकं का सांगते, त्यामागे माझाच एक पेशंट आहे. बरीच वर्षं झाली. कंपनीत काम करणारा तरुण मुलगा, खोकला घेऊन आला. म्हणाला, आठवडा झाला. मी तपासलं, छाती मोकळी वाटली, औषध दिलं, आठवड्याने बोलावलं. तो आला नाही. दोन महिन्यांनी आला तेव्हा आठ किलो वजन उतरलं होतं. मधल्या काळात तो आणखी तीन ठिकाणी गेला होता, आणि प्रत्येक ठिकाणी "आठवडा झाला" असंच सांगितलं होतं, कारण मागच्या औषधाने थोडं बरं वाटायचं आणि मग पुन्हा सुरू व्हायचं. त्यातल्या एका चिठ्ठीवर लिव्होफ्लॉक्सासिन होतं. ते औषध क्षयाच्या जंतूंवरही थोडं चालतं, म्हणून क्षय काही दिवस दबतो आणि निदान लांबतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे थुंकी तपासायची, हा साधा नियम आम्हा चौघांनाही पाठ होता. पण आमच्यापैकी एकाकडेही त्याचे दोन आठवडे पूर्ण झाले नव्हते. तो बरा झाला, पण तोवर घरातल्या लहान बहिणीला लागण झाली होती. तेव्हापासून मी खोकल्याच्या प्रत्येक पेशंटला "याआधी कोणाकडे गेला होता?" हे विचारते, आणि आठवड्याने बोलावलेलं माणूस आलं नाही तर आमच्या रिसेप्शनच्या ताई फोन करतात. तो फोन मी त्या मुलालाही करायला हवा होता.

रात्रीचा प्रश्न तुम्ही विचारलाय, त्याचं खरं उत्तर असं की चोवीस तास एकट्या माणसाने फोन उचलावा ही अपेक्षा आता फार कमी डॉक्टर पुरी करू शकतात. म्हणून पहिल्याच भेटीत मोकळेपणाने विचारा: रात्री काही झालं तर काय करू? तुम्ही सुटीवर गेलात तर तुमच्या जागी कोण? कोणत्या रुग्णालयात न्यायचं, तिथे तुमचं कोणाशी बोलणं असतं? घरी येता का? व्हॉट्सअ‍ॅपवर कशासाठी विचारलेलं चालेल? याची नेमकी उत्तरं देणारा डॉक्टर, "रात्री मी फोन घेत नाही, पण अमुक रुग्णालयात न्या आणि सकाळी सातला मला कळवा" असं सांगणारा, मला "कधीही फोन करा" म्हणून फोन बंद ठेवणाऱ्यापेक्षा शंभर पटींनी बरा वाटतो. छातीत दाब, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, बेशुद्धी, धाप, या गोष्टींत मात्र फॅमिली डॉक्टरची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठं रुग्णालय गाठा, आणि आम्हाला वाटेतून कळवा.

अंतराकडेही बघा. वडील एकटे, रिक्षा करून किंवा चालत जाऊ शकतील असाच दवाखाना हवा. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय असेल तर डॉक्टर कितीही हुशार असो, प्रोस्टेटचा आणि गुडघ्याचा माणूस तिथे जायचं टाळतो. तुम्ही ऑफिसला गेल्यावर त्यांना एकट्याने जाता आलं, की ते स्वतःहून जातील. मोठ्या रुग्णालयांच्या साखळीतली ओपीडी चकचकीत असते, पण तिथला डॉक्टर सहा महिन्यांनी बदलत असेल तर तुम्ही पुन्हा तासगावहून आल्यासारखे नवीनच. हात आखडता असेल तर महापालिकेचे दवाखाने आणि सरकारचा "आपला दवाखाना" यांना कमी लेखू नका. बीपी-साखरेची नियमित औषधं तिथेही मिळू शकतात, एकच डॉक्टर टिकून आहे का तेवढं बघा.

डॉक्टर ठरला की थोडं तुमच्याकडेही येतं. एक फाइल करा, त्यात तासगावचा कागद सर्वांत वर. चालू गोळ्यांची यादी वडिलांच्या पाकिटात आणि तुमच्या फोनमध्ये. तज्ज्ञाकडे गेलात तर परत आल्यावर त्यांनी काय बदललं ते फॅमिली डॉक्टरला दाखवायला जा, काही दुखत नसलं तरी. त्या भेटीचीही फी द्या. विचार करायला आणि वाचायला वेळ लागतो, आणि त्या वेळेला किंमत नसली की डॉक्टर सुई-सलाइनकडे वळतो. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावंसं वाटलं तर सांगून घ्या. चांगला डॉक्टर तुम्हाला स्वतःच चिठ्ठी लिहून देईल. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल वडिलांसाठी विचारा, त्यांच्या वयात आणि साखरेत त्या उपयोगी असतात. आणि दोन-तीन साध्या आजारांत अनुभव घेतल्याशिवाय डॉक्टर बदलू नका, किंवा "हाच आपला" असंही ठरवू नका. एक सर्दी, एक जुलाब, एक औषधांची उजळणी, एवढ्यात माणूस कळतो.

या आठवड्यात एवढं करा: तासगावला फोन, गोळ्यांची पिशवी, आणि बुधवारी-गुरुवारी एका दवाखान्यात नंबर. चक्कर वाढली, वडील पडले किंवा पहाटे घाम फुटला, तर गुरुवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. नवे डॉक्टर पक्के झाले की त्यांचं नाव आणि नंबर तासगावच्या डॉक्टरांना कळवा. गावातून गेलेल्या पेशंटची आम्हाला आठवण येत असते. त्यांनाही कळू दे, की तुमच्या वडिलांना आता कोण बघतंय.